सिल्विना हॉलंडमध्ये आहे

मंगळवारी दुपारी विणकामाच्या वर्गाला जाताना मी माझंच अक्षर काचेखाली पाहिलं. फ्लोरेस वस्तीतल्या आमच्या सांस्कृतिक केंद्रात तळमजल्यावर एक लांबलचक बोळ आहे, त्याच्या टोकाला आमचा वर्ग. बोळात कधी चित्रं लावतात, कधी शाळेतल्या मुलांनी केलेले पुठ्ठ्याचे ज्वालामुखी. या वेळी फुटबॉल होता. फ्रान्समध्ये विश्वचषक चाललाय, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं असणार की वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे झालेला विश्वचषक मांडू या. तिकिटं, पिपाण्या, निळ्या-पांढऱ्या टोप्या, आणि स्पर्धेचं बोधचिन्ह असलेला तो रुमाल बांधलेला गुटगुटीत मुलगा रंगवलेली ताटली. असली ताटली माझ्याकडेही आहे, मी तिच्यात साबण ठेवते. मी चाललेच होते पुढे, काखेत लोकर, त्यात उशीर झालेला, आणि आमची शिकवणारी बाई उशिरा येणाऱ्यांना सगळ्यांसमोर बोलून दाखवते. शेवटच्या टेबलाशी डोळा अडकला. पाच पोस्टकार्डं, मजकुराची बाजू वर करून ठेवलेली. चौथं माझं. सिस्टरांनी पट्टीनं बोटं लाल करून बसवलेलं अक्षर आहे ते, दर ओळीच्या शेवटी एक शेपूट काढलेलं. खरं सांगते, आधी मला बरंच वाटलं. आपलंही काहीतरी कुणीतरी जपून ठेवलंय, असं. मग मी जवळचा चष्मा लावला आणि वाचलं.

महाशय, मी एक साधी गृहिणी आहे. तुमच्याकडची वर्तमानपत्रं आमच्या देशाबद्दल काय काय छापतात ते ऐकून वाईट वाटतं. इथे शांतता आहे. मुलं शाळेत जातात, आम्ही बायका एकट्यादुकट्या फिरतो, आणि पाहुण्यांची वाट बघतोय. माझ्यावर विश्वास नसेल तर माझ्या सख्ख्या भाचीलाच विचारा. सिल्विना पेरोत्ती तिचं नाव. ती स्वखुशीनं तुमच्या देशात शिकायला आली आहे. ती सांगेल आम्ही इथे कसे राहतो ते. खाली माझं नाव, आडनाव, आणि शेपूट. त्याच्याखाली टाइप केलेली चिठ्ठी. मे १९७८. एका महिला साप्ताहिकानं वाचकांना फाडून पाठवायला दिलेलं कार्ड, अ‍ॅमस्टरडॅमच्या मानवाधिकार समितीकडे आलेलं. सिल्विना पेरोत्ती, वय बावीस, हिला एकोणीस एप्रिलला राहत्या घरातून उचलून नेलं होतं. या कार्डामुळे समितीनं चार महिने तिचा शोध हॉलंडमध्ये घेतला. पुढे समितीनं खात्रीसाठी पाठवलेली याच कार्डाची प्रत सरकारनं चौकशीच्या प्रत्येक पत्राला उत्तर म्हणून जोडली.

मी वर्गात गेले. दुसरं काय करणार? जाऊन माझ्या खुर्चीवर बसले, सुया काढल्या, नातीसाठी चाललेल्या स्वेटरची बाही पुढे विणायला घेतली. बायका मॅचबद्दल बोलत होत्या, कुणाचा गोल, कुणाचा पाय मोडला. शिकवणारी बाई माझ्यापाशी येऊन थांबली आणि म्हणाली, "हायदे, ही बाही आहे का मोजा?" सगळ्या हसल्या. मीही हसले. बघितलं तर खरंच मी टाके कमी करत करत टोक काढलं होतं. उसवायला घेतलं आणि हात थांबेना, सगळी बाही उसवली, खांद्यापर्यंत. मांडीवर नुसता गुंता. मला आठवत होतं की मी कार्डं पाठवली होती. सहा होती, साप्ताहिकाच्या मधल्या पानावर, कडेला टोचे मारलेले, अलगद निघायची. पोस्टात टाकली आणि विसरले, बाजारहाटाची यादी विसरतो तशी. त्यांपैकी एकावर मी तिचं नाव घातलंय हे माझ्या मनातून साफ गेलं होतं, देवाशपथ. वीस वर्षं मी इर्मावर रागावून होते. माझी सख्खी मोठी बहीण. तिची मुलगी नेली, आणि तिनं मला सांगितलं ती हॉलंडला गेली. मला. जिच्या मांडीवर ती पोरगी वाढली. बहिणीनं मला परकी ठरवलं, फसवलं, हेच मी वीस वर्षं उगाळत बसले होते, आणि लोकांनाही सांगायचे, की बघा, माझ्याच माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. आता त्या काचेखाली दिसलं की तिच्याकडेही माझ्याविरुद्ध काहीतरी होतं, आणि ते कागदावर होतं.

तो मे महिना मला स्वच्छ आठवतो, कारण मी इतकी खूश फारच थोड्या वेळा होते. शहर धुऊन-पुसून ठेवलं होतं. मोठ्या रस्त्यांच्या कडेच्या झोपड्या दिसेनाशा झाल्या, जिथे उठवता आल्या नाहीत तिथे भिंत बांधली, आणि आम्ही म्हणालो, वा, किती छान दिसतंय. टॅक्सीवाल्यांना इंग्रजी शिकवत होते. माझा नवरा ओस्वाल्दो नेव्हीच्या गणवेशाची बटणं करायचा, नांगराचं चिन्ह असलेली पितळी बटणं, आणि त्या वर्षी कारखान्यात तीन पाळ्या चालू होत्या, कारण परेड किती आणि समारंभ किती. साप्ताहिकात आलं होतं की परदेशात काही लोक आपल्या देशाची बदनामी करतायत, इथे माणसं गायब होतात म्हणतात, विश्वचषकावर बहिष्कार टाका म्हणतात, तेव्हा वाचक मैत्रिणींनो, तुम्हीच उत्तर द्या, सरकारी नाही, आईच्या, बायकोच्या शब्दांत. मला ते फार पटलं. मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. जन्मभर स्वयंपाकघरात बसलेल्या बाईला एकदम देश विचारतो, की बाई, तू सांग. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर मेणकापड पुसून घेतलं, चांगलं पेन काढलं. ओस्वाल्दो समोर माते, आमचा तो नळीनं ओढायचा कडू चहा, पीत बसला होता. पहिली तीन कार्डं लिहून झाली तेव्हा त्यानं एक उचलून वाचलं.

"नुसतं आम्ही सुखात आहोत, आम्ही सुखात आहोत," तो म्हणाला. "साबणाच्या जाहिरातीतही हेच लिहितात. कोण विश्वास ठेवेल?"

"मग काय लिहू?"

"नाव घाल कुणाचं तरी. खऱ्या माणसाचं. तुझी भाची आहे ना तिकडे हॉलंडला? तिचं घाल. पूर्ण नाव, आडनावासकट."

मला त्याच्या हुशारीचं कौतुक वाटलं. मी म्हणालेसुद्धा, की तू बटणांत फुकट गेलास, वकील व्हायचास. तो हसला नाही. मातेची नळी तोंडात धरून खिडकीबाहेर बघत राहिला. हे आता आठवतंय, का मी आत्ता त्याला तसं बसवतेय, मला सांगता येत नाही. आठवणीचं असंच असतं, एकदा संशय आला की सगळी माणसं तोंड फिरवून बसलेली दिसायला लागतात. पण खिडकी होती, आणि तो तिकडे बघत होता, एवढं नक्की.

सिल्विना शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात होती. उंच, हाडापेरानं मोठी, चालली की फरशी वाजायची. घरी आली की मला कमरेला धरून उचलायची आणि म्हणायची, "मावशी, तू कमी जेव, माझी पाठ जाईल." उद्घाटनाच्या दिवशी मैदानावर पांढऱ्या कपड्यांतली शेकडो मुलं कवायत करून अक्षरं आणि चेंडू करणार होती, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत ती होती. जानेवारीपासून तिचं दुसरं बोलणं नव्हतं. कुठली रांग कुठे वळते, कुणाचा पाय चुकतो, शिट्टी किती वेळ. एप्रिलच्या शेवटी इर्मा म्हणाली, ती हॉलंडला गेली, शिष्यवृत्ती मिळाली, अचानक निघावं लागलं. मी म्हणाले, आता? कवायत महिन्यावर आली असताना? इर्मा म्हणाली, हो, आता. आणि कपडे वाळत घालायला अंगणात गेली. मी मागोमाग जाऊन विचारायला हवं होतं. मी गेले नाही. मला राग आला होता की ती मला न भेटता गेली, आणि रागावलेल्या माणसाला विचारायचं सुचत नाही, त्याला फक्त रुसायचं सुचतं. उद्घाटनाच्या दिवशी टीव्हीसमोर बसून मी ती पांढरी पोरं बघितली. काय सुंदर केली त्यांनी कवायत. एकही पाय चुकला नाही. मी म्हणाले, मूर्ख मुलगी, हे सोडून कुणी हॉलंडला जातं का? ओस्वाल्दो उठून पाणी प्यायला गेला.

अंतिम सामना हॉलंडशीच होता, हे सांगायला नको. जिंकलो तेव्हा मी रस्त्यावर नाचले. मी, जी स्वतःच्या लग्नात नाचले नव्हते. कुणी ओळखीचं नाही, पाळखीचं नाही, सगळ्यांच्या गळ्यात सगळे. आठ वर्षांचा आमचा एर्नान बापाच्या खांद्यावर, गाड्यांचे भोंगे, गच्च्यांवरून कागदाचे कपटे, केसांत, तोंडात, गळ्यातून आत. तो आनंद खोटा नव्हता. हे मला कुणीतरी ऐकून घ्यायला हवंय. आता सगळे म्हणतात की ते तर सरकारी नाटक होतं, गुंडांनी स्वतःचं तोंड धुवायला मांडलेलं, आणि म्हणणारे बरेचसे त्या दिवशी माझ्याच शेजारी नाचत होते. नाटक त्यांचं होतं, आनंद माझा होता. माझा होता तो, आणि त्यांनी तो माझ्याकडून काढून घेतला आणि कुणाच्या तरी तोंडावर उशीसारखा दाबला, आणि मला परत दिला तेव्हा त्याला वास येत होता. त्याचीच चीड येते मला सगळ्यात जास्त. संध्याकाळी घरी येऊन मी इर्माला फोन केला. रिसीव्हर खिडकीबाहेर धरला, तिलाही भोंगे ऐकू यावेत म्हणून. म्हणाले, "तुझी लेक तिकडे रडक्यांच्या गर्दीत बसली असेल बिचारी." इर्मा म्हणाली, "संपलं ना सगळं? आता अजून मॅच नाही ना कुठली?" मी हसले. म्हणाले, "अगं, जिंकलो आपण, आणखी किती खेळवतेस?" ती म्हणाली, बरं झालं. असं म्हणाली, की जणू दाढ काढून झाली. त्यानंतर तिनं हळूहळू फोन घेणं बंद केलं, रविवारी बोलावणं बंद केलं, आणि नोव्हेंबरपासून तर माझ्यासाठी तिचं दारच बंद झालं.

ते लष्करी राजवटीतले लोक गेले, निवडणुका झाल्या, आणि गायब झालेल्यांची नावं पेपरात यायला लागली तेव्हा मला कळलं. आडनावांच्या क्रमानं होती, मी पेरोत्ती शोधत नव्हते, दिसलं. मी त्याच दुपारी लानुसला, इर्माच्या घरी गेले. इर्मानं दाराची साखळी न काढता फटीतून बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला विचार." एवढंच. मी घरी येऊन नवऱ्याला विचारलं. तो पावाला लोणी लावत होता. त्यानं ते कडेपर्यंत नीट पसरलं आणि म्हणाला, "दुःखानं डोकं फिरलंय तिचं. तू मनावर घेऊ नकोस." मी मनावर घेतलं नाही. असं कसं घेतलं नाही, आता मला कुणी विचारलं तर? माझ्याकडे उत्तर आहे, पण ते चांगलं नाही. घर चाललं होतं. एर्नान शाळेत पहिला येत होता. नेव्हीतला एक कप्तान ओस्वाल्दोचा जिवलग, बटणांची सगळी कामं त्याच्याकडून यायची, एर्नानच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून त्यानंच बाळ हातात धरलं होतं. तो दर पंधरा दिवसांनी जेवायला यायचा, माझ्या हातचे कॅनेलोनी त्याला आवडायचे, दोनदा घ्यायचा आणि प्रत्येक वेळी उठून माझ्या हाताचं चुंबन घ्यायचा. अजून येतो, म्हातारा झालाय. पुढे एर्नानला बंदराच्या कचेरीत त्यानंच लावलं, नातीला सायकल त्यानंच आणली. असल्या घरात बाईनं काय उकरून काढायचं? ओस्वाल्दो सहा वर्षांपूर्वी गेला. मी दर शनिवारी त्याच्यासाठी फुलं नेते.

वर्ग सुटला तेव्हा शिकवणारी बाई मला म्हणाली, बरं वाटत नाहीये का. मी म्हणाले, गुडघा. बाहेर पडून पुन्हा त्या टेबलाशी गेले. एक जोडपं वाकून माझं कार्ड वाचत होतं. पुरुष म्हणाला, "बघ, कसल्या बाया होत्या." त्याची बायको म्हणाली, "पैसे मिळत असतील." मी त्यांच्या मागे उभी होते, लोकरीची पिशवी छातीशी धरून. मला सांगायचं होतं की मला काही मिळालं नाही, पोस्टाची तिकिटंसुद्धा माझीच लावली. घराकडे वळायचं ते वळले नाही, लानुसच्या बसमध्ये बसले. मनात एकच होतं, इर्मापुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, मला माहीत नव्हतं. तिला ते पटवायचं. बाकी जगानं मला काय वाटेल ते म्हणावं, त्या जोडप्यानं म्हणावं, पण इर्मानं तरी असं समजून मरू नये की मी जाणूनबुजून तिच्या पोरीचा सौदा केला. अडुसष्ट वर्षांची मी, ती बहात्तर. रस्ताभर मी वाक्य जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य त्या कार्डासारखंच व्हायचं, मी एक साधी गृहिणी आहे.

इर्मानं दार उघडलं ते ओल्या पावलांनी. गरम पाण्यात पाय सोडून बसली होती बहुतेक, सपाता चिकचिकत होत्या. साखळी नव्हती. मला बघून ती म्हणाली, "जाडी झालीस." मग वळून आत गेली, मागचं अंगण आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या जागेत खुर्ची होती, तिथे बसून तिनं पाय पुन्हा तपेल्यात घातले. मी समोरच्या बाकावर बसले. पाण्यात मिठाचे खडे विरघळत होते.

"मी कार्ड बघितलं," मी म्हणाले.

"कुठे?"

"आमच्या केंद्रात. काचेत ठेवलंय."

"मीच दिलंय," इर्मा म्हणाली. "समितीनं मूळ कार्ड मला परत पाठवलं होतं. किती वर्षं कपाटात ठेवणार?"

"इर्मा, मला माहीत नव्हतं. तू म्हणालीस हॉलंड, मी हॉलंड धरून चालले. तू मला खोटं सांगितलंस. तू सांगितलं असतंस तर मी हे लिहिलं असतं का?"

ती माझ्याकडे बघत राहिली, भाजीवाला वजन करतो तेव्हा काट्याकडे बघतात तसं. म्हणाली, "तुला कोण म्हणालं तिचं नाव घाल?"

मी म्हणाले, ओस्वाल्दो.

"हं," इर्मा म्हणाली. तिनं पाण्यात पाय हलवले. मग बोलायला लागली, आवाज न चढवता, कुणाला औषध कसं घ्यायचं ते सांगावं तशी. "तिला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओस्वाल्दोकडे गेले. कारखान्यात, घरी नाही. म्हटलं, तुझ्या ओळखी आहेत, विचार, पाया पडते. तिनं काय केलं होतं, तर कॉलेजात एक पत्रक वाटलं होतं. दोन दिवसांनी तो आला. तू बसलीस तिथेच बसला. म्हणाला, विचारलं. पोरगी आहे. बरी आहे. पण आत्ता तोंड उघडू नकोस, परदेशी पत्रकार यायला लागलेत, एका आईनं आरडाओरडा केला तर मदत करणाऱ्यांनाही हात आखडता घ्यावा लागेल. विश्वचषक होऊ दे. जून संपला की सोडतात. तोवर कुणी विचारलं तर सांग, बाहेर गेली. कुठेही. ओट्यावर पेपर पडला होता, येणाऱ्या संघांची यादी होती त्यात. मी म्हटलं, हॉलंड. तो म्हणाला, चालेल. हायदेलाही तेच सांग, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

तीळ भिजत नाही. हे तो माझ्यासमोर म्हणायचा, पाहुण्यांत, आणि मी लटकं रागवायचे.

"म्हणून मी गप्प बसले," इर्मा म्हणाली. "गायब झालेल्या पोरांच्या ज्या आया चौकात जाऊन उभ्या राहायच्या त्या मला बोलवायला आल्या होत्या, मी त्यांना दारातून परत पाठवलं. म्हटलं, माझी मुलगी हॉलंडला आहे. मी मॅच बघितल्या हायदे, सगळ्या. बोटांवर दिवस मोजत होते. शेवटच्या मॅचला मी मारियाआईपुढे मेणबत्ती लावली, आपण जिंकावं म्हणून. मला वाटलं हरले तर चिडतील. जिंकले तर खुशीत असतील, सोडतील लवकर. तुझा फोन आला तेव्हा मी तिची गादी उन्हात टाकून आत आणली होती." तिनं गुडघ्यावरचा झगा सारखा केला. "जुलैत कळलं की काही नाही. मग उठले. सगळीकडे नाव दिलं, त्या हॉलंडच्या लोकांनाही दिलं. त्यांना वाटलं, सापडली, हिच्याबद्दल तर आपल्याकडे कार्ड आहे. त्यांनी शोधलं गं. मनापासून शोधलं. गावोगावच्या कॉलेजांत जाऊन विचारलं. नोव्हेंबरात इथल्या कचेरीत एका माणसानं तुझ्या कार्डाची प्रत माझ्यापुढे टाकली. म्हणाला, बाई, तुमच्या घरातले लोक तरी एकमेकांशी बोलतात का? पुढे तिला जिथे कोंडलं होतं तिथून सुटलेली एक बाई मला भेटली. तिनं सांगितलं, ऑक्टोबरपर्यंत होती सिल्विना. स्टेडियमपासून चालत जाता येईल इतक्या जवळ. मॅचचा आवाज यायचा त्यांना."

मी रडत होते, आणि मला स्वतःची लाजही वाटत होती, कारण त्या रडण्यात सिल्विना निम्मी होती आणि ओस्वाल्दो निम्मा. चाळीस वर्षं ज्याचे शर्ट इस्त्री केले. त्याला माहीत होतं. माझ्यासमोर बसून, माझं पेन, माझं अक्षर, माझी भाची. कशासाठी? बटणांसाठी? का कुणी त्याला सांगितलं होतं की असं एक कार्ड असलं तर बरं? का त्यालाही खरंच वाटत होतं की जूनपर्यंत गप्प ठेवलं की पोरगी सुटेल? मला यांतलं शेवटचं खरं असावंसं वाटत होतं आणि वाटता वाटताच त्याचा वीट येत होता. मी म्हणाले, "मला फसवलं त्यानं. तुला पटत नाही का, इर्मा? मला फसवलं."

"पटतं," इर्मा म्हणाली. "इतकी वर्षं मी समजत होते तुम्ही दोघांनी मिळून केलं. पण आता तुझं तोंड बघते आहे ना मी. पटतं."

हेच ऐकायला मी आले होते. मला वाटलं होतं ते ऐकल्यावर काहीतरी हलकं होईल. तिनं टॉवेल घेतला, एक पाय वर काढून बोटांच्या मधून पुसायला लागली.

"आता ऐक," ती म्हणाली. "कोर्टात साक्षी सुरू होतायत. शिक्षा कुणाला होणार नाही, त्यांनी माफीचे कायदे करून ठेवलेत. पण न्यायाधीश विचारतात, लिहून घेतात, कोणी कुणाला काय सांगितलं. मी जाणार आहे. मी सांगेन की मेव्हण्यानं कुणाला तरी विचारलं. कुणाला, ते माझ्या तोंडून ऐकीव ठरतं. तुझ्या तोंडून नाही. त्याच्या घरी कोण यायचं, कोण जेवायचं, नांगराची बटणं कुणाच्या हातून जायची, ते तू बघितलंस. तू चल माझ्याबरोबर. नाव सांग त्याचं."

मी पिशवीतली लोकर आत ढकलली. ती पुन्हा वर आली. एर्नान आत्ता कचेरीतून निघाला असेल. नातीचा वाढदिवस पुढल्या रविवारी, कप्तान येणार, म्हातारा, काठी टेकत, केकच्या आधी माझ्या हाताला ओठ लावणार. मी एर्नानला काय सांगणार, की तुला ज्यानं हातात धरलं आणि तुझा बाप, दोघं मिळून... तो ऐकून घेईल का? तो मला घरात घेईल का? मी विचार करतेय असं मला वाटत होतं, पण विचार कधीच संपला होता.

"नाव आता आठवत नाही," मी म्हणाले. "खूप यायचे तेव्हा."

इर्मा पाय पुसत राहिली. दुसरा पाय पुसला, सपाता घातल्या. मग तपेलं तसंच ठेवून उठली, बोळातून पुढे गेली आणि तिनं रस्त्यावरचं दार उघडलं. मला उठणं भाग पडलं.

"एर्नानच्या बाप्तिस्म्याला मेणबत्ती मीच धरली होती," ती म्हणाली. "तो माझ्या शेजारी उभा होता, बाळाला घेऊन. नाव मला माहीत आहे, हायदे. तू सांगतेस का, एवढंच बघायचं होतं."

मी खाली बघितलं. तिची पावलं पाण्यानं सुरकुतली होती.

"तेव्हा तुला माहीत नव्हतं," इर्मा म्हणाली. "ते मला पटलं, खरंच पटलं. आता माहीत आहे ना?"

"हो," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. दार लावलं नाही. ते तसंच उघडं ठेवून ती तपेलं रिकामं करायला आत गेली. मला तिच्या सपाता ऐकू येत होत्या, मग पाणी ओतल्याचा आवाज. आत जाऊन दोन शब्द बोलायचे होते, एक नाव आणि एक आडनाव. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले, बराच वेळ. मग बस चुकेल म्हणून निघाले. त्या रस्त्यावर दर दहा मिनिटांनी बस असते.